घराच्या जिन्यापासून मावशीच्या गोठ्यापर्यंत सायकलने: रस्ता कसा ठरवायचा?

वळणवाट:

स्वतःला सायकलस्वार म्हणवून घ्यायला अजून जीभ वळत नाही. रोज ऑफिसला जाऊन-येऊन १८ किलोमीटर आणि रविवारी चाळीस-पन्नास, एवढीच माझी मजल. वय ४३. सायकल हायब्रिड, स्टीलची, वजनाला चांगली दणकट. टायर ७०० बाय ३२, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद, गिअर पुढे तीन, मागे आठ. मावशीचं शेत माझ्या दारापासून फोनच्या हिशेबाने १०४ किलोमीटर, पश्चिमेला. जिन्यावरून सायकल उतरवायची आणि थेट मावशीच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवायची, मध्ये दुसरं कुठलंही वाहन नाही, हे खूळ चार वर्षं डोक्यात आहे.

गेल्या महिन्यात निघाले आणि फसले. कशी फसले ते सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांना हसायलाही मिळेल.

सकाळी सातला निघाले. शहराची हद्द संपायला २६ किलोमीटर आणि २ तास २० मिनिटं लागली. मग मोठा रस्ता सोडून फोनने दाखवलेल्या आतल्या वाटेला लागले. अर्धा तास स्वर्ग. ५८ व्या किलोमीटरला डांबर संपलं. पुढे खडी, आणि खडीत मागचं टायर बसलं. ट्यूब बदलली, तीही दोन किलोमीटरवर बसली. दुसरी ट्यूब नव्हती. एका पोराने पंक्चर काढून दिलं, त्यात पाऊण तास गेला. दुपारी समोरून असा वारा सुटला की उतारावरही पॅडल मारावं लागत होतं. ८१ व्या किलोमीटरला मैलाच्या दगडावर बसले, तर उठावंसंच वाटेना. पाय दुखत नव्हते, फक्त रडू येत होतं, का ते आजतागायत कळलेलं नाही. मावसभाऊ गाडी घेऊन आला. सायकल डिकीत आडवी आणि मी पुढे गप्प.

पुन्हा जायचंय. प्रश्न असा: मोठ्या रस्त्याने सरळ जावं की आतल्या वाटांनी? मोठ्या रस्त्यावर ट्रकांची भीती वाटते, आणि आतल्या वाटांनी मला एकदा दगा दिलाय.

---

जुनी_चेन:

ताई, तुम्ही विचारताय शेवटच्या ऐंशी किलोमीटरबद्दल, आणि फसलात पहिल्या सव्वीसमध्ये. २६ ला २ तास २० मिनिटं म्हणजे ताशी ११. तोही थांबत-सुटत काढलेला ११. प्रत्येक सिग्नलला सायकल शून्यावर येते आणि पुन्हा वेग धरायला दर वेळी नव्याने जोर लावावा लागतो. तुमची सायकल दणकट आहे म्हणता, म्हणजे तो जोरही दणकटच. गावाकडचा रस्ता सुरू व्हायच्या आत अर्धे पाय शहराला देऊन बसलात.

माझा हिशेब सांगतो. वय ६१, लांब पल्ल्याची सायकल चालवतोय त्याला वीसेक वर्षं झाली. नकाशा उघडल्यावर मी रस्ता शोधत नाही. आधी पूल शोधतो.

शेतातल्या वाटा शंभर असतात, पण त्या कुठेतरी नदीला, रेल्वेला किंवा मोठ्या हायवेला येऊन थटतात, आणि तिथे ओलांडायला जागा दोन किंवा तीनच. नदीवर पूल, रुळांखालून बोगदा, हायवेखालून जाणारा रस्ता. तुमचा सगळा प्रवास या चार-पाच टाचण्यांना बांधलेला असतो. त्या आधी नकाशावर टोचून घ्यायच्या आणि मग एका टाचणीपासून दुसरीपर्यंत सगळ्यात शांत वाट काढायची. फोन नेमकं उलटं करतो. तो दोन टोकं धरतो आणि मधला दोरा ताणतो. ताणलेला दोरा खडीवरूनही जातो आणि कडेला सायकलपुरतीही जागा नसलेल्या पुलावरूनही जातो. फोनला काय फरक पडतो?

तेव्हा मोठा रस्ता की आतली वाट, हा प्रश्नच मला पटत नाही. दोन्ही. पण मोठ्या रस्त्यावर कुठे चढायचं आणि किती किलोमीटरनंतर उतरायचं हे घरी बसून ठरवायचं. भर दुपारी घाम पुसत रस्त्याच्या कडेला नाही.

टाचण्यांमधल्या वाटेसाठी दोन गोष्टी बघतो. एक, पाणी. नदीच्या किंवा कालव्याच्या कडेची वाट लांब पडते, पण चढ कमी. युरोपात अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ नावाचा सायकलमार्ग आहे. तो लुआर आणि डॅन्यूब या नद्या धरून जातो, म्हणून नवखी माणसंही त्यावर आठवडेच्या आठवडे काढतात. दोन, रेल्वे. भरलेली मालगाडी शंभर मीटरला एक-दोन मीटरपेक्षा जास्त चढ सहज चढत नाही, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी डोंगर फोडून आणि भराव घालून जमीन सपाट केलेली असते. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात सायकलवाट बांधली, साधारण २१ किलोमीटर. शहराच्या पोटातून निघते आणि बघता बघता झाडीत शिरते. बंद रूळ सगळ्यांच्या नशिबी नसतात, पण चालू रुळांच्या बाजूचा जुना रस्ता बऱ्याच ठिकाणी असतो. तोही बहुधा सपाट निघतो.

आणि एक काम कराच. शहराबाहेर पडायचा तुकडा आधी एकदा सुट्टीच्या पहाटे वेगळा करून या. जाऊन परत. बाकी रस्ता नकाशावर चालेल, हा तुकडा नकाशावर कळत नाही.

---

उगाचच:

वाचतोय. ताई, रडू आलं तिथला किलोमीटर आकडा लक्षात आहे म्हणजे तुम्ही सायकलस्वार झालात. :)

---

स्टेशनपर्यंत:

जुनी_चेन यांचं बरंच पटलं, पण मी स्पष्टच बोलतो. शहरातले २६ किलोमीटर सायकलने का करायचे? पहाटेच्या गाडीत सायकल टाका, शेवटच्या स्टेशनवर उतरा, तिथून ताजे पाय घेऊन निघा. धूर, सिग्नल, उघडणारी गाड्यांची दारं यात मिळतं काय? मी दहा वर्षं असंच करतोय. कुणी पदक काढून घेतलेलं नाही.

---

वळणवाट:

@स्टेशनपर्यंत, शहाणपण तुमच्याच बाजूला आहे, मान्य. पण माझा सगळा हट्टच जिन्यापासूनचा आहे. ज्या चौकात रोज डावीकडे ऑफिसला वळते त्याच चौकातून एकदा सरळ जायचं आणि सरळ जातच राहायचं, यात मला जे वाटतं ते स्टेशनवर उतरून वाटणार नाही.

@जुनी_चेन, रात्री पूल शोधायला बसले. एक नदी, दोनदा रूळ, एक हायवे. फोनवाल्या रस्त्याने नदी ओलांडायची तो पूल अरुंद, दोन ट्रक जेमतेम मावतील असा. त्याच नदीवर नऊ किलोमीटर वरच्या अंगाला एक जुना पूल सापडला, अवजड वाहनांना बंद आहे. त्यावरून गेलं तर एकूण १२७ होतात. म्हणजे २३ किलोमीटर जास्त. १०४ च जमले नाहीत, १२७ कुठून जमणार? शिवाय एक अ‍ॅप चढ ६४० मीटर दाखवतंय, दुसरं ९१०. रस्ता तोच. खरं कोण बोलतंय?

---

जुनी_चेन:

दोघंही अंदाजे बोलतायत. अशा अ‍ॅपांमागे बऱ्याचदा उपग्रहाची नाहीतर अवकाशयानाची मोजणी असते. त्यातली एक प्रसिद्ध मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने केली. पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची त्यात आली, पण तीस किंवा नव्वद मीटरच्या चौकटींमध्ये. तुमचा रस्ता आठ मीटर रुंद. तो डोंगराच्या कुशीतून जात असेल तर चौकटीत शेजारचा कडाही येतो, आणि तुम्ही सपाट चालवत असताना अ‍ॅप तुम्हाला कड्यावर चढवून उतरवतं. पूल असेल तर दरीत उतरवतं. कोण किती गुळगुळीत करून बेरीज मांडतं त्यावर ६४० आणि ९१०.

बेरीज सोडा. सगळ्यात वाईट एक किलोमीटर कोणता ते बघा. पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर चढ, तुम्ही बसून चढाल. आठ-नऊ टक्के दिसले तर तिथे उतरून ढकलायचं हे आत्ताच मनाशी ठरवा, म्हणजे तेव्हा अपमान वाटणार नाही. पुढचं सगळ्यात लहान चक्र किती दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं किती, मोजून सांगा.

१२७ चं म्हणाल तर ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी असतात. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, जेवण-पंक्चर-डुलकी सगळं धरून. म्हणजे ताशी १५ च्याही आत. तुमच्या १२७ ला त्या हिशेबाने साडेआठ तास. तुम्ही साडेदहा घ्या. ही शर्यत नाहीच. अहो, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली सफर, जी १८९१ मध्ये पहिल्यांदा झाली आणि आता दर चार वर्षांनी होते, तिथेही बाराशे किलोमीटरना ९० तास देतात. त्यात माझ्या वयाची माणसं रस्त्याकडेला हेल्मेट उशाला घेऊन झोपलेली असतात.

तुम्हाला पाडलं ते अंतराने नाही, वाऱ्याने. सातला निघालात ना? सकाळी हवा जमिनीलगत पडून असते. ऊन तापलं की वरची वेगवान हवा खाली मिसळायला लागते, म्हणून दुपारी वारा वाढतो. तुम्ही ताशी १८ ने चालवताय आणि समोरून १८ चा वारा आला तर अंगावर येते ती ३६ ची हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुप्पट हवा, चौपट धक्का. तिथे मांड्यांचा काही दोष नाही. पाचच्या आत निघा.

---

तिसरा_घोट:

रस्त्याचं जाणकारांनी सांगितलंच आहे. मी त्या रडण्याबद्दल लिहितो, कारण ते वाचून मला माझाच मैलाचा दगड आठवला.

त्याला सायकलवाले बाँक म्हणतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण चार-पाचशे ग्रॅम असते. काही तास पॅडल मारलं की तळ दिसायला लागतो. मेंदू साखरेवरच चालतो, मग तो कुरकुरतो: चिडचिड, रडू, थंडी वाजणं, साधी बेरीज न जमणं. मी एकदा चौकात उभा राहून डावं कुठलं यावर दोन मिनिटं विचार केलेला आहे. पाय ठीक आणि डोळ्यांत पाणी म्हणजे जवळपास नक्की हेच. वळणवाट, त्या दिवशी काय काय खाल्लं होतं?

उपाय कंटाळवाणा आहे. पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक असतात. भुकेची वाट बघायची नाही. पॉल द व्हिव्ही नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होऊन गेला, व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहायचा, १९३० मध्ये वारला. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हे तो तेव्हाच सांगून गेला. भुकेबद्दल तो शंभर टक्के बरोबर. पाण्याबद्दल मी जरा हात आखडता घेतो: तहानेच्या मानाने प्या, आणि घाम खूप जात असेल तर त्यात चिमूटभर मीठ. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडिअम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट.

---

वळणवाट:

खाल्लं होतं ना, निघताना. त्यानंतर पंक्चरवाल्या पोराने दिलेली दोन बिस्किटं. (आता लिहिताना मलाच लाज वाटतेय.)

दाते मोजले. पुढचं २८, मागचं ३२. हात काळे झाले.

---

जुनी_चेन:

२८ ला ३२ म्हणजे पॅडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण १.९ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर ताशी पावणेसात. याच्याखाली सायकल डुलायला लागते, तेव्हा उतरायचं. छान गिअर आहे, भरपूर आहे.

पंक्चरचं राहिलं. बदललेली ट्यूब दोन किलोमीटरवर बसली याचा अर्थ पहिलीला भोक पाडणारी वस्तू टायरमध्येच होती. ट्यूब काढली की टायरच्या आतून बोट फिरवायचं, सावकाश, तार असेल तर बोटही फाटतं. नुसत्या बोटाला सापडलं नाही तर कापसाचा बोळा फिरवा, अडकतो. दोन ट्यूब, पॅच, आणि पंप चालतो की नाही हे घरी बघून घेणं. आणि खडी येणार असेल तर टायर दगडासारखं टणक करू नका. ३२ च्या टायरला टायरवर लिहिलेला हवेच्या दाबाचा वरचा आकडा गाठायची गरज नसते. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून पुढच्यात हवा मागच्यापेक्षा थोडी कमी.

शेवटचं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुम्ही पश्चिमेला जाताय. सूर्य उगवला की तो तुमच्या पाठीशी. तुम्हाला सगळं स्वच्छ दिसतं आणि वाटतं की आपणही सगळ्यांना दिसतोय. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र तोच सूर्य असतो. तो ओव्हरटेक करायला तुमच्या बाजूला आला तर त्याला तुम्ही दिसतच नाही. उजाडल्यावर पहिला तासभर पुढचा दिवा चालू ठेवा आणि शक्यतो त्या तासात मोठ्या रस्त्यावर राहू नका.

---

स्टेशनपर्यंत:

एवढा अभ्यास करून लोक चंद्रावर गेले. गाडीत सायकल टाकली असती तर ताई आत्तापर्यंत तीनदा पोचल्या असत्या. (थट्टा करतोय. जा आणि कळवा.)

---

वळणवाट:

कळवते. मावशीच्या ओट्यावरून लिहितेय, बोटांची टोकं अजून बधिर आहेत, टंकनाच्या चुका पोटात घाला.

शहराबाहेर पडायचा तुकडा मागच्या रविवारी करून पाहिला होता. नसता केला तर आज पुन्हा फसले असते. नकाशावर जो सरळ रस्ता दिसत होता तिथे उड्डाणपुलाचं काम चाललंय, आणि सायकलने जायला उरलेली पट्टी म्हणजे सळया आणि चिखल. मग नाल्याच्या बाजूने जाणारा, गोदामांच्या मागचा रस्ता सापडला. दिसायला दरिद्री, पण त्यावर सिग्नल एकच.

आज ४ वाजून ४० मिनिटांनी जिना उतरले. माझ्या चौकात पिवळा दिवा नुसता लुकलुकत होता. डावीकडे बघितलं नाही. सहाच्या आत शहर मागे, २४ किलोमीटर. गेल्या वेळी याच वेळात मी तिसऱ्या सिग्नलला कुणाच्या तरी आरशाला धडकत होते.

हायवे खालून ओलांडला. बोगद्यात गुडघ्याएवढं पाणी असेल असं वाटून उभी राहिले, तर एक बाई डोक्यावर भारा घेऊन त्यातून चालत आली. घोट्याएवढंच होतं. तिच्या मागच्या ओल्या रेघेवरून मीही गेले.

जुना पूल ४९ व्या किलोमीटरला. नऊ किलोमीटर वाकडं जाऊन तिथे पोचताना सारखं मनात येत होतं की कशाला ऐकलं या माणसाचं. पुलाच्या तोंडाशी लोखंडी खांब ठोकलेत, त्यातून सायकल जाते, गाडी नाही. मधोमध उभं राहून केळं खाल्लं. पूर्ण पुलावर मी आणि एक बगळा. जुनी_चेन, तुम्हाला त्या क्षणी मनातल्या मनात नमस्कार केला.

कच्चा रस्ता यावेळीही लागला, पण आधीच माहीत होता, चार किलोमीटरचा. हवा थोडी कमी केलेली. पंक्चर एक झालं, तेही डांबरावर. बोट फिरवलं, तारेचा तुकडा निघाला, बाभळीच्या काट्यापेक्षा बारीक. तो खिशात ठेवलाय. पूर्ण कामाला २२ मिनिटं लागली, त्यातली दहा एका कुत्र्याशी वाटाघाटीत गेली. उतरून सायकल मध्ये धरली आणि शांत उभी राहिले, तेव्हा त्याचा रस संपला.

खाण्यासाठी घड्याळात दर पाऊण तासाचा गजर लावला होता. पाचव्या गजराला मी त्या घड्याळाचा द्वेष करत होते. पण आज रडू आलं नाही. एक चढ ढकलला. अ‍ॅप म्हणे नऊ टक्के, गुडघे म्हणे जास्त.

वारा अकराच्या सुमाराला उठला. तोवर ८६ झाले होते. उरलेले ४१ मात्र जसे जायचे तसेच गेले. ताशी बारा, तेरा. मैलाच्या दगडांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं आणि प्रत्येकाकडे बघत होते.

३ वाजून २० मिनिटांनी पोचले. १२७ आणि थोडं. दहा तास चाळीस मिनिटं, त्यातले दोन थांबण्याचे. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली. मावशी बाहेर आली, माझ्याकडे न बघता मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "गाडी कुठे लावलीस?"

हाताच्या बधिरपणाला काय करायचं ते सांगा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांचं.

---

तिसरा_घोट:

अभिनंदन! करंगळी म्हणजे तळव्याच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जातेय. हँडल थोडं वर घ्या, मनगट मोडून धरू नका, दर दहा मिनिटांनी पकड बदला. साधारणपणे काही दिवसांत जातं. नाही गेलं किंवा पकडीतला जोर कमी वाटला तर डॉक्टरांना दाखवा.

---

जुनी_चेन:

तारेचा तुकडा फेकू नका. माझ्याकडे बरणी आहे.

परत कधी?

---

वळणवाट:

परवा पहाटे. येताना वारा पाठीचा मिळेल या आशेवर होते. आत्ता ओट्यावरून बघतेय तर आंब्याचा शेंडा शहराकडून इकडे वाकतोय.